पत्र्याच्या पेटीतील पलटण

राहात्यात आमच्या वस्तीत गेल्या पावसाळ्याआधी एका घराचे पत्रे बदलताना माळ्यावरची पेटी खाली आली. आत वाळवीने निम्मे खाल्लेले इंग्रजी कागद, दोन मेडल आणि एक पितळी बिल्ला. कागद बंबात घालायला काढलेही होते. आम्ही पडलो कारकून, जुना कागद जळताना बघवत नाही. मागून घेतले. एक कागद फौजेतून सुटीचा दाखला निघाला, साल १९४६. या घरचे आजोबा पुढे साखर कारखान्यावर राबले, एवढेच नातवांना ठाऊक.

बिल्ल्यावर एक स्तंभ आहे आणि इंग्रजीत ‘महार’. हा स्तंभ भीमा कोरेगावचा. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, तेव्हा टोपीवर हेच चिन्ह होते. १९४६ साली रेजिमेंट मशीनगनची झाली आणि चिन्हात दोन व्हिकर्स तोफा आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. म्हणजे नुसता स्तंभ असलेला बिल्ला घरात सापडला, तर तो युद्धकाळातला समजावा. मशीनगनला आपले जुने लोक तोफच म्हणत, म्हणून आम्हीही म्हणतो.

ही पलटण सहज मिळालेली नाही. १८९२ च्या सुमारास महारांची फौजभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसे हवी झाली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण काढली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेब स्वतः सुभेदार रामजींचे पुत्र, आजोबा मालोजीही फौजेतले. १ जानेवारी १९२७ रोजी ते कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, ते या विसरलेल्या नावांसाठीच. १८१८ च्या त्या लढाईतील मृतांत ‘नाक’ शेवटी असलेली २२ नावे तिथे कोरलेली आहेत. पुढे १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला. त्या पलटणीचे जवान वायव्य सरहद्दीवर गेले, ब्रह्मदेशात गेले, १९४७ च्या फाळणीत पंजाबात निर्वासितांच्या रक्षणाला उभे राहिले. हे सारे पुस्तकात आहे. पण आपल्या वाड्यातला माणूस त्यातल्या कोणत्या तुकडीत होता, ते पेटीतच असते.

म्हणून भगिनी-बांधवांनी थोडे बघावे. सुटीच्या दाखल्यावरचा सैनिक क्रमांक आधी उतरवून घ्यावा. नावापेक्षा तोच उपयोगी. तेव्हाच्या नोंदीत बऱ्याचदा आडनाव नसे, स्वतःचे आणि बापाचे नाव, तेही साहेबाला ऐकू आले तसे. आडनावाने शोधत बसलात तर काही सापडणार नाही. महार रेजिमेंटचे केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. तिथे क्रमांक घालून अर्ज करता येतो. नगरचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही विचारायला जवळचे. युद्धात जे परत आलेच नाहीत, त्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत मोबाईलवर फुकट शोधता येतात. ब्रह्मदेशात ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही, अशा सुमारे २७ हजारांची नावे रंगूनजवळच्या स्मारकावर आहेत. काही नोंदींत बापाचे नाव आणि जिल्हाही दिलेला असतो. ‘अहमदनगर’ वाचले की डोळे तिथेच थांबतात.

मेडलवरून मात्र घरात जरा कुरबूर झाली. थोरल्याच्या मुलांना एक हवे, धाकट्याच्यांना दोन्ही. आम्ही मध्ये पडलो नाही, फक्त सगळ्या कागदांच्या चार-चार झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक घरात एकेक दिली. एक विहाराच्या कपाटात ठेवली. पोरे आता पौर्णिमेला ती काढून वाचतात. एका मुलीने तर वहीत आजोबांचा क्रमांक पाठ करून लिहिलाय.

बिल्ला विहारात मागितला होता. आजोबांची लेक आजही आहे, ऐंशीच्या पुढची. बापाने तो आम्हा पोरांना कधी हाताळू दिला नाही, म्हणाली. तुम्ही फोटो काढा हवे तेवढे. फोटो काढून होईपर्यंत ती पदराचे टोक धरून शेजारी उभी होती, आणि मग बिल्ला घेऊन आत गेली.