बोंडअळीची वंशावळ

वनस्पतीस जागचे हलता येत नाही, म्हणून शत्रूपासून पळून जाण्याचा मार्ग निसर्गाने तिला ठेवलेला नाही. आपल्या रक्षणाची सर्व तजवीज तिला जागच्या जागी, आणि तीही बहुतांशी रसायनांच्या साहाय्याने करावी लागते. पानांतील कडू द्रव्ये, खोडातील चीक, बियांतील विषे ही सारी त्या तजविजीचीच अंगे होत, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात याचे कारण ती निपजविण्याची विद्या वनस्पतीच्या जनुकांत साठविलेली असते. तिच्यावर निर्वाह करणाऱ्या कीटकांपाशीही जनुके असतात, आणि त्यांतील एखाद्यात सहजगत्या घडलेला फेरफार वनस्पतीचे विष निष्प्रभ करून टाकतो. फुलपाखरे व त्यांच्या खाद्यवनस्पती यांचा अभ्यास करून पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1964 साली असे प्रतिपादन केले की, या दोन पक्षांनी शत्रुत्वाच्या ओघात एकमेकांस घडविले आहे. हा कलह न्याहाळण्यासाठी दूरच्या अरण्यात जाण्याचे मात्र प्रयोजन नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतील पऱ्हाटी आणि तिच्या बोंडांत दडून बसणारी गुलाबी बोंडअळी एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी आहे.

कापसाची मूळची तरतूद म्हणजे गॉसिपॉल हे पिवळे द्रव्य. पाने, बोंडे व सरकी यांत काळसर ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या सूक्ष्म ग्रंथींत ते साठलेले असते, आणि सरकीचे कच्चे तेल खाण्याजोगे करण्यापूर्वी शुद्ध करावे लागते तेही याच्याच मुळे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत मॅकमायकेल या संशोधकांनी ग्रंथिरहित कापूस निपजविला, तेव्हा या ग्रंथींची मुखत्यारी मुख्यत्वे दोन जनुकांकडे आहे असे उघड झाले. परंतु असा कापूस शेतात उभा राहताच, एरवी त्याच्याकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या किड्यांनी, इतकेच नव्हे तर उंदरांनीही, त्याच्यावर धाड घातली. गुलाबी बोंडअळीची गोष्ट निराळी; जिचे अन्नच सरकी, तिने सरकीतील विषाशी केव्हाच जुळवून घेतलेले आहे.

या अळीची राहणीही मोठी सावध. मादी पतंग पात्यांवर, फुलांवर व कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी अल्पावधीत आत शिरते, तिच्या प्रवेशाचे छिद्र वाढत्या बोंडाबरोबर बुजून जाते, आणि मग वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. पाकळ्या गुंतून मिटलेली राहिलेली फुले, म्हणजे डोमकळ्या, शेतात दिसू लागल्या की जाणता शेतकरी काय ते ओळखतो. भारतातून मिळालेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1840 च्या दशकात तिचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे सरकीच्या व्यापाराबरोबर ती इजिप्तात, तेथून मेक्सिकोत गेली आणि 1917 साली टेक्ससमध्ये दाखल झाली.

बाहेरून पोचत नाही ते विष झाडाच्या आतच निर्माण व्हावे, ही बीटी कापसामागील कल्पना. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जिवाणूचे, अळ्यांना मारक असे प्रथिन बनविणारे जनुक कापसात घालण्यात आले. भारत सरकारने अशा वाणांस मार्च 2002 मध्ये परवानगी दिली, आणि 2006 मध्ये दोन निरनिराळी विषे धारण करणारे वाण बाजारात आले. यांतील पहिले विष पोटात गेल्याबरोबर मारते असे मात्र नाही. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात ते जागृत होते, आतड्याच्या पेशींवरील कॅडहेरिन नामक प्रथिनास जाऊन चिकटते, आणि त्यानंतरच त्या पेशींना छिद्रे पडून अळी मरते. पगडी कितीही भारी असली तरी भिंतीवरील खुंटीच काढून टाकल्यास ती टांगणार कोठे? प्रतिकारक्षम अळीने नेमके हेच केले. ॲरिझोनातील अळ्यांत कॅडहेरिनच्या जनुकाची तीन सदोष रूपे 2003 साली वर्णिली गेली. भारतातील शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांत त्यांहून वेगळी अशी आठ रूपे आढळल्याचे 2014 साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या विषाच्या बाबतीत एबीसीए-2 नावाचे अगदी वेगळे जनुक मोडलेले आढळले. म्हणजे एकाच मुक्कामाला पोचण्याच्या वाटा अनेक होत्या आणि अळीला त्यांपैकी कोणतीही चालत होती.

येथवरची हकीकत रसायनाची. खरा निकाल लागतो तो आनुवंशिकतेच्या हिशेबावर. प्रतिकाराचे जनुक बहुधा अप्रभावी असते, अर्थात ते आई आणि बाप या दोघांकडून आले तरच अळी विषातून वाचते. एकाच बाजूने आलेले असल्यास, विषाची मात्रा भरपूर असेल तर, ती मरते. हजारात एक या प्रमाणात आढळणारे जनुक दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा योग दहा लक्षांत एकदाच यावयाचा. तेव्हा जवळपास बिनविषारी कापूस राखून ठेवावा, त्यावर पोसलेल्या असंख्य साध्या पतंगांशी त्या एखाद्या वाचलेल्या पतंगाचा संयोग व्हावा, आणि त्यांची संतती पुन्हा विषाला बळी पडावी, अशी ही योजना. भारतात तिला कायद्याचे रूप मिळाले: वीस टक्के क्षेत्र अथवा सभोवार पाच ओळी, यांपैकी जे अधिक असेल तितक्या जागी साधा कापूस लावावा, आणि त्यासाठी 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी बियाणे द्यावे. पण कर्ज काढून पेरणी करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्या तुटपुंज्या जमिनीचा पाचवा हिस्सा स्वखुशीने अळीच्या स्वाधीन करावा, ही अपेक्षा फर्मान काढणाराला सोपी वाटली तरी पाळणाराला परवडणारी नव्हती, आणि नॉन-बीटी बियाण्याची ती पुडी बहुधा पेरलीच गेली नाही. भरीस भर म्हणून आपल्याकडील बीटी कापूस संकरित. त्यात विषाचे जनुक एकाच पालकाकडून येत असल्यामुळे, मेंडेलच्या नियमानुसार, एकाच बोंडातील काही सरक्या सविष तर काही निर्विष निघतात. सरकीमागून सरकी पोखरणाऱ्या अळीस त्यामुळे विषाची अर्धवट मात्रा मिळते, आणि एकाच बाजूने प्रतिकार लाभलेल्या अळ्याही तगून जातात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. दीर्घ मुदतीचे वाण आणि डिसेंबरनंतरही उभी ठेवलेली फरदड यांनी अळीच्या पिढ्यांची संख्या वाढविली. पहिल्या विषास दाद न देणाऱ्या अळ्या गुजरातेत 2010 च्या सुमारास जाहीर झाल्या, काही वर्षांत दुसरेही विष निकामी ठरले, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्राने त्याची किंमत मोजली.

याच काळात कापसावरील दुसरी अळी, अमेरिकन बोंडअळी, मात्र बीटीला बऱ्याच अंशी वचकून राहिली. ती तूर, हरभरा यांवरही पोसली जाते, म्हणून साध्या पतंगांचा पुरवठा तिला आयताच होतो. गुलाबी अळीचा संसार प्रायः एका कापसावर. अन्यत्र काय घडले तेही लक्षात घेण्याजोगे आहे. ॲरिझोनात शेतकऱ्यांनी राखीव पट्टे नेटाने सांभाळले, पुढे विमानांतून कोट्यवधी निर्बीज पतंग सोडण्यात आले, आणि 2018 साली अमेरिकेच्या कापूस-मुलखातून ही अळी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात कोणी हुकूम काढला नाही. शेतकऱ्यांनी काटकसरीपोटी संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरली, तिच्यातील सुमारे चतुर्थांश झाडे विषरहित निघाली, त्या झाडांवर साधे पतंग निपजले, आणि वाढू लागलेला प्रतिकार माघारी फिरल्याचे 2017 साली प्रसिद्ध झाले.

अळी तीच, पहिले विषही तेच; फरक पडला तो कोणता पतंग कोणाशी जोडा जमवितो याच्या बंदोबस्तात. तेथे अमेरिकेत शिस्त कामी आली, चीनमध्ये काटकसर. आपल्याकडे दोन्ही वाटा खुंटल्या, कारण शिस्त शेतकऱ्यास परवडणारी नव्हती, आणि दरसाल नवे संकरित बियाणे घेण्याच्या वहिवाटीत चिनी शेतकऱ्यासारखी काटकसर शक्य नव्हती. उद्या तिसरे विष येईल, कदाचित पहिल्या दोहोंहून जालीमही असेल. परंतु त्याच्या मारकतेची परीक्षा घेण्याआधी, विषरहित झाडांचा हिस्सा कोण सोसणार आणि त्याचा मोबदला त्यास कोण देणार, याचा करार प्रथम व्हावयास हवा.