सुटलेला मळ अडवायचा कुणी?

२०२४ मध्ये व्हॅल्व्होलिनने अमेरिकेत ‘रिस्टोअर अँड प्रोटेक्ट’ हे इंजिन ऑइल आणलं. पिस्टनवर चिकटलेली काजळी ते हळूहळू, लागोपाठच्या काही ऑइल बदलांत सोडवतं, असा कंपनीचा दावा आहे.

सुटलेली काजळी जाते फिल्टरमध्ये. तो तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच बेअरिंगांकडे धावतं. इंजिन कोरडं पडू नये म्हणून केलेली ही सोय, पण मळही सोबत जातो! म्हणून गाळणी नुसती बारीक असून भागत नाही, मळ साठवायची ताकदही हवी. सिंथेटिक धाग्यांचा फिल्टर कागदीपेक्षा महाग पडतो, तरी इथे तोच घ्यावा.

पहिला फिल्टर मात्र लवकर बदलावा. जुना कापून त्याच्या घड्या उलगडल्या की काळे, चुरचुरीत कण बोटाला लागतात. त्यात धातूची चमक दिसली, तर लगेच मेकॅनिकला दाखवावं.