दारात आलेली दुसरी तार

गेल्या महिन्यात आमचा लँडलाइन फोन बंद करून टाकला. गल्लीत रस्ता खोदताना केबल तुटली होती. पंधरा दिवस तक्रारी केल्या. दर वेळी मोबाइलवर संदेश यायचा, तक्रार दूर केली म्हणून. रिसीव्हर कानाला लावला की शुकशुकाट. शेवटी आईच म्हणाली, पुरे झालं आता. एकेकाळी आमच्या घरी दोन तारा आल्या होत्या. त्यातली ही उरलेली.

दुसरी कशी आली ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. या देशात फोन आला तोच परवान्यावर. इंग्रज सरकारने ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना दिला आणि २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता, मद्रास इथली एक्स्चेंज सुरू झाली. १९४३ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली प्रतीक्षायादीत. ओवायटीची (‘ओन युवर टेलिफोन’) मोठी अनामत भरणारे पुढे, बाकीचे मागे. व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्यांचा नंबर छापून पुढे ‘पीपी’ लिहायचं, आणि निरोप घ्यायला त्यांच्या बैठकीत अवघडून उभं राहायचं.

मग १९९४ चं दूरसंचार धोरण आलं. मागाल त्याला १९९७ पर्यंत फोन, असं त्यात लिहिलं होतं. प्रत्येक सर्कलमध्ये, म्हणजे साधारण एकेका राज्यात, सरकारी खात्याच्या जोडीला एक खासगी कंपनी येणार होती. पण १९९५ च्या निविदांमध्ये बोली लागली ती सरकारला कोण जास्त पैसे देतो यावर. हिमाचल फ्युचरिस्टिक कंपनीने नऊ सर्कलसाठी सुमारे ८५,००० कोटींची बोली लावली, आणि तेव्हा ती विजयाची बातमी म्हणून छापून आली. मला आजही त्याचा राग येतो. एवढे पैसे शेवटी फोन घेणाऱ्याच्याच खिशातून निघणार, हे कुणालाही कळण्यासारखं होतं. ते निघेनात तेव्हा थकबाकी साचली, आणि १९९९ च्या नव्या धोरणात ठरावीक रक्कम सोडून उत्पन्नातला हिस्सा घ्यायचं ठरलं.

मध्य प्रदेशचा परवाना भारती टेलिनेटला मिळाला. तेव्हा छत्तीसगड वेगळं झालेलं नव्हतं. म्हणजे झाबुआपासून बस्तरपर्यंतचा मुलूख एका परवान्यात! सुरुवात मात्र इंदूरहून झाली, ४ जून १९९८ रोजी. स्वतंत्र भारतातली पहिली खासगी लँडलाइन सेवा मुंबईत नाही, दिल्लीत नाही, आमच्या इंदुरात सुरू झाली, हे इथल्या कितीतरी तरुणांना ठाऊकच नाही.

त्यानंतरची दहा वर्षं मी डोळ्यांनी पाहिली. अर्ज घ्यायला नव्या कंपनीचा माणूस घरी यायचा, हे आधी आईला खरंच वाटेना. भिंतीवर नवी पेटी बसली, तार आत आली आणि त्याच आठवड्यात डायल टोन वाजला. त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. जुन्या तारेचे लाइनमनही बोलावल्यावर लवकर येऊ लागले. दुसरी तार दारात आहे, हे त्यांना दिसत होतं. ऑक्टोबर २००० मध्ये खात्याचं बीएसएनएल झालं. एसटीडीचे दर उतरत गेले. पुण्याच्या आत्याला फोन करायचा तर आम्ही पूर्वी रात्री अकराच्या पाव दरासाठी जागत बसायचो. पुढे ती दुपारी, भाजी निवडता निवडता, तासभर बोलू लागली. आमच्या घराने पुण्याशी नातं टिकवलं ते या तारांवर.

सगळंच चांगलं होतं असं म्हणणार नाही. खेड्यांत सार्वजनिक फोन लावण्याची अट परवान्यातच होती. खासगी कंपन्या त्यात फार मागे राहिल्या. शहरात तारा दुप्पट झाल्या, कितीतरी गावांत पहिलीही पोचली नाही.

त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. २००३ मध्ये लँडलाइन-मोबाइलचा एकत्रित परवाना आला, इनकमिंग फुकट झालं, मोबाइल स्वस्त झाला, एसटीडी बूथ गेले. एका सर्कलमध्ये डझनभर कंपन्या आल्या, आणि एकेक करत बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. आता खासगी तीनच मोठ्या उरल्या. जुलै २०२४ मध्ये तिघींनीही दोन-तीन दिवसांच्या आत दर वाढवले. एकीवर रागावून दुसरीकडे जायची सोय इंदूरकराला १९९८ मध्ये मिळाली होती. आज तो जाणार कुठे?

नंबर बंद झाल्याचं आत्याला कळवायचं राहून गेलं होतं. परवा तिने मोबाइलवर फोन केला. म्हणाली, “अगं, घरच्या फोनवर दोन दिवस लावतेय, कुणी उचलत नाही. सगळे बरे आहात ना?”