विमादावे व फुप्फुसरोगांचे प्रमाण

आरोग्यविम्याखाली उपचारखर्चाच्या भरपाईसाठी केलेल्या दाव्यांच्या नोंदींवरून लोकसंख्येतील फुप्फुसरोगाचे प्रमाण अजमावण्याची पद्धत. घरोघरच्या पाहणीत क्ष-किरण छायाचित्रे, थुंकीची परीक्षा व श्वसनमापन यांवर बराच खर्च होतो. दाव्यांच्या नोंदी आयत्याच उपलब्ध असतात. तथापि त्या मोबदला देण्यासाठी ठेवलेल्या असल्याने त्यांत रोग्यांची नव्हे, तर मोबदला मागितलेल्या उपचारांची गणना होते.

पद्धती : रोगी कोणास म्हणावयाचे याचा नियम प्रथम ठरवितात. एका व्यक्तीचे अनेक दावे एकत्र करून व्यक्ती मोजतात व त्या संख्येस विमाछत्राखालील लोकसंख्येने भागतात. नियम बदलला की उत्तरही बदलते. कारण अज्ञात असलेल्या फुप्फुस-तंतुमयतेचे प्रमाण अमेरिकेत विमादाव्यांवरून काढले गेले (२००६). ते कडक नियमानुसार दर लाखास १४, तर सैल नियमानुसार ४२·७ आले. यासाठी काही रोग्यांची वैद्यकीय कागदपत्रे तपासून नियमाची अचूकता ठरवितात. समजा, दहा लाख विमाधारकांत २,००० रोगी आढळले. त्यांपैकी ८० टक्केच खरे रोगी असले आणि एकूण खऱ्या रोग्यांपैकी ४० टक्केच नियमात सापडत असले, तर रोग्यांची संख्या ४,००० व प्रमाण दर लाखास ४०० येते.

महाराष्ट्रातील नोंदी : राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली व २०१३ मध्ये अहमदनगरसह (सध्याचे अहिल्यानगर) राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. प्रारंभी ती मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती. सर्व कुटुंबांना तीत घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. त्यामुळे भाजक बदलला असून केवळ दाव्यांच्या वाढीवरून रोग वाढला असे म्हणता येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ (२०११) असून सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. चुलीच्या धुराने दमलेली स्त्री बाह्यरुग्ण विभागातून औषध घेऊन परतली, तर योजनेत तिचा दावा नोंदला जात नाही. कारण योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. क्षयरोगाची औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळत असल्याने बहुतेक क्षयरोगीही दाव्यांत दिसत नाहीत. त्यांची नोंद वेगळी होते. पाथर्डीसारख्या तालुक्यांतून ऊसतोडणीसाठी बाहेर जाणाऱ्या मजुरांवर अन्यत्र उपचार झाल्यास, रुग्णालयाच्या ठिकाणावरून केलेल्या गणनेत त्यांचा रोग भलत्याच जिल्ह्याच्या नावे जमा होतो. म्हणून रोग्याचे मूळ निवासस्थान विचारात घेणे आवश्यक ठरते.

मर्यादा व उपयोग : राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत (२०१९–२१) पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींत जंतुपरीक्षेने सिद्ध झालेल्या फुप्फुसक्षयाचे प्रमाण दर लाखास ३१६ आढळले, लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी उपचारच घेतले नव्हते. अशा व्यक्ती कोणत्याही दाव्यात येत नाहीत. परिणामी रुग्णालय दूर असलेल्या तालुक्यात दावे कमी दिसतात, आणि त्यांनाच रोगाचे माप मानल्यास डॉक्टर व निधी जेथे आधीच सोय आहे तेथेच जातात. गंभीर आजाराचा उपचारखर्च व ऋतुमानानुसार होणारे चढउतार अभ्यासण्यास दावे उपयुक्त आहेत. रोगप्रमाणासाठी मात्र त्यांना नमुना पाहणीची जोड द्यावी लागते.