उडालेला रंग, परत आणलेला उजेड

ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे खऱ्या दृश्यावर संगणकाने घडवलेली प्रतिमा चढवणं, म्हटलं की जाडजूड चष्मा नाहीतर फोनच्या पडद्यावरचे पोकेमॉन आठवतात. पण खऱ्या वस्तूवर थेट प्रकाश टाकूनही ती साधते. याचं मला सर्वात पटलेलं उदाहरण अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातलं.

मार्क रॉथको या चित्रकाराची पाच भव्य चित्रं तिथल्या एका भोजनकक्षात 1964 मध्ये लागली. त्याने वापरलेला लिथॉल रेड हा लाल रंग उन्हात टिकणारा नव्हता, आणि खोलीला तर मोठाल्या काचेच्या खिडक्या! किरमिजी छटा विटत गेल्या, काही ठिकाणी फिकट निळा उरला. 1979 मध्ये चित्रं उतरवून ठेवली. वरून नवा रंग द्यावा, तर रॉथकोचा हात झाकला जाणार.

2014 च्या प्रदर्शनात वेगळी वाट काढली. मूळ छटा जुन्या रंगीत फोटोंवरून ठरवल्या. तेही विटलेले, म्हणून आधी त्यांचीच दुरुस्ती. मग कॅमेऱ्याने आजचं चित्र टिपलं, संगणकाने बिंदूगणिक हिशेब मांडला की कुठे कोणता रंग किती कमी पडतो, आणि प्रोजेक्टरने नेमका तेवढाच प्रकाश कॅनव्हासवर टाकला. ब्रश कुठेही लागला नाही. रोज दुपारी चारला प्रोजेक्टर बंद होई आणि विटलेलं चित्र उघडं पडे. हा प्रामाणिकपणा मला तंत्राहून मोठा वाटतो.

मर्यादा एवढीच, की प्रोजेक्टर उजेड वाढवू शकतो, काळोख टाकू शकत नाही. म्हणून दालनातले बाकीचे दिवे मंद ठेवावे लागतात.