शून्य सावलीच्या दिवसांत : खानदेशातील बाग, पाणी आणि पैसा

धरणगाव हे बालकवी ठोंबऱ्यांचे जन्मगाव. १३ ऑगस्ट १८९० रोजी ते इथे जन्मले. ‘औदुंबर’ आणि ‘निर्झरास’ या त्यांच्या कविता शाळेत शिकलेला कोणीही सांगेल की, या कवीला झाडाची आणि वाहत्या पाण्याची विलक्षण ओढ होती. त्याच धरणगावात, किंवा खानदेशातल्या कोणत्याही लहान शहरात, एप्रिल-मेच्या सुटीत एखाद्या मुलाला सावलीत, थोड्या पाण्यात खेळायचे असेल तर त्याने जायचे कुठे? या प्रश्नाचा मी गेली काही वर्षे नाद घेतला आहे. मी अभियंता नाही, अर्थतज्ज्ञही नाही. शासनाची परिपत्रके, शेतीखात्याचे निकष आणि हवामानाची पुस्तके चाळत, आकडेमोड करत जे हाती लागले, ते इथे मांडतो.

सुरुवात सूर्यापासून करू. धरणगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे दरवर्षी २५-२६ मेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. आपल्याकडचा कडक उन्हाळा या दिवसाच्या आगेमागेच असतो. बागेच्या रचनेसाठी याचा अर्थ सरळ आहे. त्या वेळी भिंत, कुंपण, उंच इमारत यांपैकी कशाचीच सावली मिळत नाही. डोक्यावर छत किंवा झाडाचा विस्तारच हवा. आणि छत टाकले म्हणजे काम झाले असेही नाही. मेअखेरीस दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर असतो. चार मीटर उंच छताची सावली तेव्हा साडेचार मीटर पूर्वेला सरकलेली असते. म्हणून घसरगुंडीच्या बरोबर वर बांधलेले छत चार वाजता घसरगुंडीला उघडे टाकते. छत पश्चिमेकडे वाढवावे लागते, किंवा पश्चिमेला झाडे लावावी लागतात.

सावलीने हवेचे तापमान फारसे उतरत नाही, हे खरे. तिचा फायदा वेगळा आहे. अंगावर पडणारे थेट किरण ती अडवते आणि तापलेल्या जमिनीची, लोखंडाची धगही कमी करते. कडक उन्हात प्लास्टिकची घसरगुंडी किंवा रबरी गादी ७० अंशांच्या पुढे तापू शकते; मुलाच्या तळव्याला तेवढ्याने भाजते. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त, घाम कमी, आणि खेळात रमल्यावर तहानेचे भानही कमी. सावलीचा अभाव मोठ्या माणसांनाही किती महागात पडतो, हे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला दिसले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले.

आता पाण्याकडे येऊ. उन्हाळ्यात खानदेशची हवा भाजणारी असते, पण कोरडी असते, आणि या कोरडेपणातच आपली सोय दडलेली आहे. हवा ४३ अंशांवर असेल आणि आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २५ अंशांच्या जवळ येऊन थांबतो. म्हणजे बाष्पीभवनाला अठरा अंशांचा वाव आहे. मुंबईच्या दमट हवेत हा वाव अगदी थोडा असतो. म्हणूनच आपला वाळ्याचा कूलर तिकडे निकामी ठरतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. उघड्यावर त्यातला बराच गारवा वारा घेऊन जातो. तरी सावलीखाली, वाऱ्याच्या आडोशाला, तो अंगाला जाणवण्याइतका उरतो.

यातले काहीच आपल्याला परके नाही. तापीपलीकडे रावेर-यावल पट्ट्यात केळीची उतीसंवर्धित रोपे शेतात जाण्याआधी शेडनेटखाली ठेवतात. फॉगरने त्यांच्यावर बारीक धुके सोडतात. बागेच्या कडेला गरम वारा अडवायला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावतात. ठिबक आणि सूक्ष्म सिंचनाचे साहित्य बनवणारा देशातला एक मोठा उद्योग जळगावातच आहे. सरकारही या कामाला पैसे देते. फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या निकषांत लोखंडी पाइपांच्या सांगाड्याच्या शेडनेटगृहाचा खर्च चौरस मीटरला ७१० रुपये धरला होता आणि त्याच्या निम्मे अनुदान शेतकऱ्याला मिळत होते. केळीच्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात आडोसा हवा, हे आपण मान्य केले, त्याचा दर ठरवला आणि त्याला लेखाशीर्षही दिले. मुलांच्या बाबतीत यातली पहिली पायरीसुद्धा आपण चढलेलो नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात पाण्याचा खेळ ही चैन नव्हे का? मी त्याचा हिशेब करून पाहिला. दोनशे चौरस मीटर सावलीखाली चार तोंडांचे वीस फॉगर बसवले, प्रत्येकातून तासाला २८ लिटर पाणी जाते असे धरले आणि ते आलटून पालटून निम्मा वेळ चालवले, तर चार तासांत १,१२० लिटर लागतात. मुलांना हातपाय भिजवायला, होड्या सोडायला एक उथळ पाट केला, तर त्याला आणखी १,००० लिटर. एकूण दिवसाला २,१२० लिटर. गटारयोजना नसलेल्या शहरांसाठी माणशी ७० लिटर हा पाणीपुरवठ्याचा जुना निकष होता. त्या हिशेबाने हे तीस माणसांचे एका दिवसाचे पाणी होते. २०११ च्या जनगणनेत धरणगावची लोकसंख्या सुमारे ३५ हजार होती. म्हणजे निकषानुसार गावाला लागणाऱ्या पाण्याच्या हजारात एक भागाहूनही हे कमी आहे. पाटाचे पाणी वाया जात नाही. ते उताराने झाडांच्या आळ्यांत सोडता येते.

एक एप्रिल ते पंधरा जून या ७६ दिवसांचे मिळून सुमारे १ लाख ६१ हजार लिटर होतात. जळगाव भागात पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पडतो. शाळेच्या ३०० चौरस मीटर छतावरचे पाणी, वीस टक्के घट धरूनही, १ लाख ६८ हजार लिटर भरते. ते उन्हाळ्यापर्यंत साठवायला प्रचंड टाकी लागेल आणि ती परवडणार नाही. पण जवळच्या बोअरमध्ये मुरवता येते. बागेने उन्हाळ्यात घेतले तेवढे पावसाळ्यात जमिनीला परत केले, असा ताळेबंद भिंतीवर लिहून लावता येईल. पाण्यासाठी हंडे घेऊन थांबणाऱ्या बाईला हा ताळेबंद दाखवता आला पाहिजे. नसेल दाखवता येत, तर फवारा सुरू करू नये, असे माझे मत आहे.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी टाळून चालणार नाहीत. धुके श्वासावाटे फुप्फुसात जाते, आणि उन्हात तापलेल्या टाकीच्या कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो. तेव्हा फॉगरला पिण्याच्या दर्जाचे, क्लोरीन असलेले, सावलीतल्या टाकीतले ताजे पाणीच द्यायचे. तेच पाणी फिरवून पुन्हा वापरायचे नाही. दुसरे, डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, टाकी आणि पाट दोन्ही कोरडे. या दोन्ही कामांना रोज हजर असणारा माणूस लागतो. पुढच्या खर्चाच्या हिशेबात हा माणूसच सर्वांत महत्त्वाचा आहे.

आता पैसा. पुढचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, दरपत्रकातले नाहीत. वळवाच्या वादळात टिकायचे तर बागेतले छत शेडनेटगृहापेक्षा भक्कम हवे. म्हणून जुन्या दराची तिप्पट धरली, तर दोनशे चौरस मीटरला सव्वाचार लाख. पंप, टाकी, फॉगर, पाट धरून सहा लाख. हा झाला एकदाचा खर्च. दरवर्षी अडीच महिने दोन माणसे, माणशी पंधरा हजार रुपये महिना, म्हणजे ७५ हजार. वीज, क्लोरीन, तोंडे साफ करणे, किरकोळ दुरुस्ती यांचे २५ हजार. चार-पाच वर्षांनी जाळी बदलायची. दहा वर्षांत चालवण्याचा खर्च अकरा लाखांवर जातो, बांधण्याच्या जवळजवळ दुप्पट.

निधीचे मार्ग या फूटपट्टीने मोजले की अडचण कळते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणे ही नगरपालिकांची कामे आहेत. पण राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात पाणीपुरवठा बंधनकारक आणि बागा ऐच्छिक. हात आखडला की पहिली कात्री ऐच्छिकावर चालते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी लहान शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता; मोकळा उरला ४० टक्के. २०१५ च्या अमृत योजनेत उद्यानांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत तरतूद होती, पण ती मुख्यतः लाखावर लोकसंख्येच्या शहरांसाठी. तिच्यात जळगाव बसले, धरणगाव नाही. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्याने लहान शहरांनाही दार उघडले. खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून माळ्याचा पगार निघत नाही. आपत्तीचा निधी म्हणावा, तर त्या काळातल्या राष्ट्रीय यादीत थंडीची लाट होती आणि उष्णतेची लाट नव्हती.

जळगावात काव्यरत्नावली चौकातील भाऊंचे उद्यान आणि महात्मा गांधी उद्यान जैन उद्योगसमूहाच्या प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने उभी राहिली. बाग बांधण्याइतकेच तिची निगा राखणारे कोणी असणे किती मोलाचे, हे तिथे दिसते. पण कंपनी कायद्याची दोन टक्के सामाजिक खर्चाची अट ५०० कोटी निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा असलेल्या कंपनीलाच लागू होते. कापसाच्या जिनिंगवर चालणाऱ्या गावात अशी कंपनी शोधून सापडणे कठीण. जळगावचा नमुना तालुक्याच्या गावी जसाच्या तसा उचलता येत नाही.

खानदेशच्या इतिहासात यासाठी दोन नमुने आहेत. एक राजाचा. खानदेशची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर; तिथे तापीपलीकडे झैनाबादला आहूखाना नावाची बाग होती, बारादरी आणि हौद असलेली. शहराला १६१५ च्या सुमारास जमिनीखालच्या बोगद्यांतून आणलेले कुंडी भंडाऱ्याचे पाणी आजही वाहते. पण आहूखान्याची सावली राजघराण्यासाठी होती. दुसरा नमुना शेतकऱ्यांचा, पांझरा आणि मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीचा. बंधारा बांधून झाला की खरे काम सुरू होई : पाट साफ करणे, पाळी लावणे, पहारा ठेवणे. त्यासाठी पाटकरी, जागल्या असे नेमलेले लोक असत आणि लाभ घेणारे सगळे त्यांचा मेहनताना देत. निगा राखणाऱ्या माणसाचा पगार आधी ठरलेला होता, म्हणून ती व्यवस्था शतकानुशतके चालली.

मला वाटते, आपण फडाच्या वाटेने जावे. छताचे सहा लाख शासनाच्या योजनेतून, ‘माझी वसुंधरा’च्या बक्षिसातून किंवा देणगीतून आणता येतील. माणसांचे आणि पाण्याचे लाखभर रुपये मात्र नगरपरिषदेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात दरवर्षी वेगळ्या ओळीत दिसले पाहिजेत. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने शहरांना वृक्षकर लावता येतो. त्याचा काही भाग बागेतल्या झाडांकडे वळवता येईल. जागाही नवी नको. बार्सिलोनाने युरोपीय संघाच्या निधीतून अकरा शाळांच्या अंगणांत सावली, झाडे आणि पाणी आणले, आणि सुटीत ती अंगणे शेजारपाजारच्यांना उघडली. आपल्या शाळाही नेमक्या याच महिन्यांत रिकाम्या असतात.

जाळी ही कायमची नाही. तिच्या पश्चिमेला पहिल्याच पावसाळ्यात कडुनिंब, करंज, वड लावायचे. कडुनिंब आणि करंजाला उन्हाच्या तोंडावर नवी पालवी येते. गुलमोहर तेव्हा बराचसा उघडा असतो आणि वादळात मोडतोही. तो शोभेला ठीक. पाटाच्या तोंडाशी, जिथे ओल राहते, तिथे एक उंबर लावावा. बालकवींच्या गावात त्याला वेगळे कारण सांगावे लागणार नाही. आठ-दहा वर्षांत झाडांनी छत धरले की जाळी काढून दुसऱ्या बागेत नेता येईल.

खेड्यांतली आणि लहान शहरांतली मातीची धाब्याची घरे गेली, पत्रा आला. पत्र्याखाली दुपार काढणाऱ्या घरातल्या मुलाकडे कूलर नसतो, मामाच्या गावची आमराईही बहुधा उरलेली नसते. त्याला दुपारी बारा ते चार या वेळात उघडी असणारी एक जागा हवी आहे. बहुतेक बागा याच वेळात बंद असतात, आणि कुलूप उघडायला निधी लागत नाही. बाकीच्यासाठी वेळ आत्ताच आहे. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक फेब्रुवारीत मंजूर होते, तेव्हा हवेत गारवा असतो आणि उन्हाळा कोणाच्या मनात नसतो. हा अंक वाचून होईल तोवर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटायला दोन-तीन महिने हातात असतील. भेटीत विचारायचा प्रश्न एकच : बागेत उन्हाळ्याचे अडीच महिने दोन माणसे ठेवण्याची ओळ अंदाजपत्रकात आहे का?