भाकड महिन्यांचा हिशेब

सोलापूर-कोल्हापूरकडील पंढरपुरी म्हैस दोन शेजाऱ्यांनीं भागींत पाळली, तर घरचें ताजें दूध दोन्ही घरीं पोंचतें. परंतु केवळ दुधाची वांटणी ठरवून भागत नाहीं. म्हैस सुमारें ३१० दिवस गाभण असते आणि विण्यापूर्वींचे सुमारें २ महिने तिला आटवावें लागतें. त्यायोगें कासेस विसांवा व गर्भास पोषण लाभतें. दूध बंद, वैरण मात्र चालूच! भागीदारी मोडते ती बहुधा येथेंच. म्हणून भाकड काळांत वैरण व औषधपाणी कोणीं पहावें आणि रेडकूं कोणाचें, हें आधींच ठरवून घ्यावें. दूध घरचें असलें, तरी उकळूनच प्यावें. धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या कच्च्या दुधांतूनहि क्षय व ब्रुसेलोसिस हे रोग माणसास होऊं शकतात.